आई, बाबा, यंदा जूनमध्ये नको, फेब्रुवारीत या

सॉल्ट लेक सिटी
१८ डिसेंबर

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई तू विचारलंस की एवढं उबदार घर असताना ऐन थंडीत तंबूत कशाला झोपायला जातेस, आणि मी "अगं छान वाटतं" एवढं म्हणेपर्यंत तुमच्याकडे लाईट गेली आणि फोन कट झाला. तेव्हापासून ठरवलं होतं की हे नीट लिहूनच सांगायचं. फोनवर आपलं जेवलीस का, पाऊस पडला का, दादाच्या पिल्लाची परीक्षा, यातच वेळ जातो. आणि मला नुसतं सांगायचं नाहीये, तुमच्याकडे एक मागणं पण आहे ते आधीच सांगून टाकते. दरवेळी तुम्ही जूनमध्ये येता. यावेळी फेब्रुवारीत या. का ते पुढे वाचा, आणि पूर्ण वाचल्याशिवाय नाही म्हणू नका.

आधी सॉल्ट लेकचा हिवाळा, कारण तो तुम्ही बघितलेलाच नाही, तुम्ही बघितलंय ते जूनचं निळं आकाश आणि रात्री नऊपर्यंतचा उजेड. शहराच्या पूर्वेला वासॅचचे डोंगर, पश्चिमेला ओकरचे डोंगर आणि मधल्या दरीत आम्ही सगळे. डिसेंबर-जानेवारीत हवेचा दाब वाढला की थंड जड हवा खाली दरीत बसून राहते आणि तिच्यावर गरम हवेचा थर येतो, बाबा तुम्ही नववीला तापमानाची विपरीतता शिकवायचात ना, तीच ही, फक्त तेव्हा मी पाठ करून पेपरात लिहिली होती आणि आता तिच्यात राहते. गाड्यांचा धूर, घरं गरम ठेवायच्या भट्ट्यांचा धूर, सगळं खालीच अडकतं, कधी चार दिवस तर कधी आठवडा-दहा दिवस. समोरचा डोंगर दिसत नाही, शाळेत मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीत, पाचला अंधार पडतो आणि सूर्य असा दिसतच नाही. तू विचारत होतीस तो खोकला यातलाच आहे, आता बरा आहे. पण खोकल्यापेक्षा मन मलूल होतं ते जास्त त्रासाचं. सकाळी उठावंसंच वाटत नाही, ऑफिसला दिवे लावून जायचं आणि दिवे लावून यायचं. पहिल्या दोन हिवाळ्यात मी तुमच्याशी फोनवर तुटक बोलायचे ते आठवत असेल, तुम्हाला वाटलं मी रागावलेय. रागावले नव्हते ग, उन्हाला तरसले होते.

इथले लोक यावर स्की करायला वर डोंगरात जातात, ते पण चांगलंच आहे, वर स्वच्छ ऊन असतं. पण माझा जीव सायकलमधे आहे आणि माझ्यासारखे खूप जण आहेत इथे, ते काय करतात तर शुक्रवारी संध्याकाळी गाडीच्या मागे सायकली टांगतात आणि दक्षिणेला निघतात.

आमच्यापासून ४८० किलोमीटरवर, युटाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात सेंट जॉर्ज नावाचं गाव आहे, साडेचार तास लागतात. सॉल्ट लेक समुद्रसपाटीपासून १३०० मीटरवर आहे आणि सेंट जॉर्ज साधारण ८५० वर. सीडर सिटी ओलांडली की रस्ता उतरायला लागतो तो उतरतच जातो, बाजूचा बर्फ आधी ठिगळाठिगळाने राहतो मग संपतोच, माती लाल होते, गाडीतलं तापमान उणे पाचवरून वर वर सरकत जातं, आणि शनिवारी सकाळी तंबूची चेन उघडली की समोर ऊन. स्वच्छ, कोरडं, अंगाला लागणारं. दुपारी १२-१३ डिग्री. तुम्हाला ती थंडी वाटेल पण एकही ढग नाही, वारा नाही, आणि अंगात साधं फुलशर्ट असलं तरी सायकल चालवताना घाम येतो.

बाबा, हा भाग कोरडा का तर आपल्या माणदेशासारखंच कारण, फक्त मोठ्या मापाचं. सह्याद्री पाऊस अडवून घेतो आणि म्हसवडपर्यंत काही पोचत नाही, तसं इथे पॅसिफिककडून येणारं बाष्प सिएरा नेवाडा अडवतो आणि पलीकडे मोहावीचं वाळवंट. सेंट जॉर्ज त्या वाळवंटाच्या काठावर आहे, वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणजे आईच्या माहेरापेक्षाही पुष्कळ कमी. आई, मला तिथे गेल्यावर पहिल्यांदा म्हसवडच आठवलं होतं. तोच उघडा माळ, तेच लांबपर्यंत दिसणं, झाडांची सावली विरळ. इथल्या मैत्रिणींना हिरवंगार डोंगर म्हणजे सुंदर वाटतं आणि माळ म्हणजे ओसाड, मला तसं कधीच वाटलं नाही, आजोळचे सगळे उन्हाळे तिथे घालवलेत मी.

आता सायकलबद्दल. तुम्ही माझी सायकल बघितलीये, जाड टायरची, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, बाबा तुम्ही उचलून बघून म्हणाला होता की एवढ्या किमतीत मोटरसायकल येते. ती कशासाठी लागते ते या जागी आल्यावर कळतं. रस्ता नसतो, ट्रेल असते, म्हणजे हातभर रुंदीची पायवाट, कधी वाळूतून, कधी सुट्या दगडांतून, कधी सरळ कातळावरून. गूजबेरी मेसा म्हणून एक पठार आहे साधारण १६०० मीटर उंचीवर, तिथे तर वाटच नाही, नुसता उघडा दगड आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके काढलेत, एका ठिपक्यावरून पुढचा ठिपका शोधत जायचं. दगड दिसायला गुळगुळीत पण टायर असा पकडून धरतो की भिंतीसारख्या चढावर सायकल चढते. उतार आला की सीट खाली घ्यायची, पेडलवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपर सैल सोडायचे आणि नजर चाकापाशी न ठेवता पुढे दहा-पंधरा हातांवर ठेवायची, कारण जिथे बघाल तिथेच सायकल जाते. दरीकडे बघितलं तर दरीकडे जाते, म्हणून दरीकडे बघायचं नाही. हे जमायला लागतं तेव्हा डोक्यात दुसरं काही राहत नाही. ऑफिस नाही, व्हिसा नाही, काही नाही. तासाभराने पठाराच्या टोकाला पोचतो, तिथे तिन्ही बाजूंनी कडा तुटलेला आहे आणि उत्तरेला झायन नॅशनल पार्कचे डोंगर, लाल आणि पांढरे, वर बर्फ. तिथे बसून तुझे डिंकाचे लाडू खाल्ले जातात आई. पार्सलमधले सगळे लाडू असेच डोंगरावर संपलेत, फ्रीजमधे ठेवून एकही खाल्लेला नाही. इथे लोक दोन-दोन डॉलरची एनर्जी बार खातात, माझ्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी आता लाडूची चटक लावून घेतलीये.

हिवाळ्यात कुठल्या ट्रेलला कधी जायचं याचं एक शास्त्रच आहे आणि मला ते फार आवडतं, कारण त्यासाठी माती वाचावी लागते. गूजबेरी उंचावर, तिथे बर्फ पडून गेल्यावर सावलीच्या जागा कितीतरी दिवस ओल्या राहतात, मग तिथे जायचं नाही. खाली जेम नावाची ट्रेल आहे व्हर्जिन नदीच्या घळीच्या काठाकाठाने जाणारी, लांबलचक हलका उतार, सुकी असेल तेव्हा स्वर्ग. पण तिथली माती चिकण आहे, पाऊस झाला की आपल्या काळ्या रानातल्यासारखी होते, चार पावलं टाकली की चपलेला किलोभर चिखल, तसं चाक फ्रेममधे अडकून फिरायचंच थांबतं. आणि नुसता आपला खोळंबा होत नाही, ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या सुकून दगड होतात आणि वर्षभर सगळ्यांना त्रास देतात. म्हणून ओली असेल तर कुणी जात नाही, आणि जाणाऱ्याला बाकीचे थांबवतात. वाळूच्या ट्रेलचं उलट, त्या कोरड्या असताना चाक रुततं आणि हलका पाऊस पडून गेला की घट्ट होऊन मस्त चालतात. मग पावसानंतर वाळू आणि दगड, कोरड्यात चिकणमाती, असं बघून ठरवायचं. त्यात परत सकाळी जमीन गोठलेली असते तेव्हा टणक, अकरा वाजता वितळली की राड. दिवस पण लहान. म्हणून आम्ही साधारण दहाला निघतो आणि तीन-साडेतीनला परत, उत्तरेकडच्या उताराला सावलीत बर्फाचा पापुद्रा असतो तिथे उतरून सायकल हाताने न्यायची.

अजून एक गोष्ट आहे तिथल्या मातीची. वाटेच्या बाजूला जमिनीवर काळसर खरबरीत थर दिसतो, बघणाऱ्याला वाटतं मातीच आहे. तो जिवंत असतो. अगदी बारीक जीवाणू, शेवाळ, दगडफूल असं सगळं मिळून तो थर बनतो, वाळूला धरून ठेवतो, ओल टिकवतो, म्हणून तिथे झुडपं उगवू शकतात. त्यावर एक पाय पडला किंवा एक चाक गेलं तर भरून यायला कितीतरी वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात. त्यामुळे वाट सोडायची नाही म्हणजे नाही. समोरून चालणारा आला तर सायकलवाल्याने थांबायचं, घोडा आला तरी सायकलवाल्याने थांबायचं, पण थांबायचं ते वाटेवरच, बाजूच्या मातीत चाक घालायचं नाही. मी नवीन लोकांना घेऊन गेले की हे पहिलं सांगते, सायकल कशी चालवायची ते नंतर.

आता तंबू. तुझा खरा प्रश्न तोच होता.

ही सगळी जमीन सरकारी आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणून खातं आहे केंद्र सरकारचं, त्यांच्याकडे अख्ख्या देशात मिळून २४ कोटी एकरांहून जास्त जमीन आहे आणि बरीचशी या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत. त्यावर लोकांच्या गायी चरतात, ट्रेलवर पण गायी आडव्या येतात. आणि बऱ्याच ठिकाणी तिथे फुकट मुक्काम करता येतो, साधारण १४ दिवसांपर्यंत. ठरवून दिलेल्या जागी तंबू लावायचा. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून घरून न्यायचं आणि कचरा सगळा परत आणायचा, हो सगळा, त्याच्यासाठी खास पिशव्या मिळतात. बाबांना हे ऐकून कसंतरी होईल पण मला यात काही घाण वाटत नाही, जागा जशी होती तशी ठेवून यायची एवढंच.

थंडी असते. खोटं कशाला सांगू. कोरड्या हवेत ढग नसले की दिवसभर तापलेली जमीन सूर्य गेला की भराभर निवते, साडेपाचला अंधार होतो आणि आठपर्यंत पाणी गोठायच्या बेतात. पहाटे उणे तीन-चार. पण आई, ही थंडी माहिती असलेली आहे आणि तिची तयारी करता येते. तंबू कोरड्या ओढ्यात लावायचा नाही, एक तर कुठे लांब पाऊस झाला तरी पाणी येऊ शकतं आणि दुसरं म्हणजे थंड हवा रात्री उतारावरून खाली येऊन ओढ्यातच साठते. थोडं उंचावर, पूर्वेकडे मोकळं असेल अशी जागा बघायची म्हणजे सकाळचं पहिलं ऊन तंबूवर येतं. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचं जास्त महत्त्वाचं, जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून मी खाली दोन मॅट घालते. स्लीपिंग बॅग उणे सात डिग्रीपर्यंतची आहे. त्यात झोपायच्या आधी उकळतं पाणी भरलेली बाटली पायाशी ठेवते, ती पहाटेपर्यंत कोमट असते आणि त्याच पाण्याचा सकाळी चहा. घामेजलेले कपडे सगळे बदलायचे, मोजे कोरडे. डोक्याला आजीने विणलेली कानटोपी. आणि झोपताना काहीतरी तुपातलं खायचं, पोटात ऊब राहते, हे तर तूच शिकवलंयस. छोटे गॅसचे डबे थंडीत मंदावतात कारण त्यातला ब्युटेन शून्याच्या जवळ आला की नीट वायूच होत नाही, म्हणून मी प्रोपेनवाली शेगडी नेते, ती व्यवस्थित पेटते.

रात्र मात्र लांब असते, चौदा तास अंधार. पहिल्यांदा मला पण वाटलं होतं एवढा वेळ करायचं काय. आता तोच भाग मला सगळ्यात प्रिय झालाय. सहाला जेवण, लोखंडी तव्यावर थालीपीठ, तुझी भाजणी, शेंगदाण्याची चटणी. मग विकत आणलेली लाकडं पेटवायची, भोवती बसायचं. आमच्यात एक साठीच्या बाई आहेत, निवृत्त नर्स, त्यांच्या सायकलमागे मला धाप लागते. त्या, एक कोलंबियाचं जोडपं, आणि मी, असे असतो बहुतेक वेळा. कुणी फोन काढत नाही कारण रेंजच नसते. हो आणि तुला सकाळच्या चहाच्या वेळी "पोचलो, सगळं ठीक" असा मेसेज येतो ना, तो माझ्याकडच्या छोट्या यंत्रातून थेट सॅटेलाइटवरून येतो. आमची संध्याकाळची साडेसात म्हणजे तुमची दुसऱ्या दिवशीची सकाळची आठ, म्हणून मी बरोबर तेव्हाच पाठवते. त्यात मदतीचं बटण पण आहे, दाबलं की जागेसकट निरोप जातो. एकटी मी कधीच जात नाही.

बाबा, तुमच्यासाठी आकाश. मृग नक्षत्र संध्याकाळीच पूर्वेला वर येतं, मागे व्याध, पुढे रोहिणी आणि कृत्तिका. गच्चीवर तुम्ही बोट धरून दाखवलेलं सगळं इथे आहे, फक्त इतक्या चांदण्या आहेत की मृगाचा आकार शोधायला क्षणभर थांबावं लागतं. गेल्याच आठवड्यात मिथुन राशीतल्या उल्का पडत होत्या, आम्ही स्लीपिंग बॅगसकट बाहेर आडवे होतो.

पण मी तुम्हाला सेंट जॉर्जला बोलावत नाहीये, तिथे रात्री तुम्हाला बाधतील. मला तुम्हाला अजून खाली न्यायचंय, ॲरिझोनामधे, टूसॉनला. गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिथे गेलो होतो, इथून गाडीने साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. तिथे फेब्रुवारीत दुपारी २०-२१ डिग्री आणि रात्री ५-६. म्हणजे साताऱ्याच्या कडाक्याच्या थंडीपेक्षा थोडं जास्त गार, आणि दिवसा ऊन खात बसायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हे सोनोराचं वाळवंट. वाळूच्या टेकड्या डोळ्यासमोर आणू नका, हे काटेरी झाडांचं रान आहे. आई, तुला इथे सगळी ओळखीची माणसं भेटतील. निवडुंग तर आहेच, तो मूळचा या बाजूचाच, इथून जगभर गेला आणि आपल्याकडे बांधाबांधावर पसरला. मामाच्या शेताकडेची वेडी बाभूळ, तीही अमेरिकेतूनच आलेली, तिची सख्खी बहीण इथे आहे, मेस्कीट म्हणतात, तिच्या शेंगा वाळवून इथले मूळ रहिवासी पीठ करून खातात. आणि सराटे! म्हसवडला अनवाणी पळताना पायात घुसायचे ते सराटे मात्र आपल्या बाजूच्या जगातून इथे आले, आणि इथल्या सायकलवाल्यांचा सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. त्यामुळे टायरमधे ट्यूबच घालत नाही आम्ही, आत एक पातळ द्रव भरतो, काटा घुसला की तो द्रव भोकात जाऊन घट्ट होतो आणि हवा थांबते. सराट्याचा काटा टायरमधून उपटून काढताना मला दरवेळी मामाच्या खळ्यात पायातले काटे काढत बसलेली तू आठवतेस.

आणि सवारो. हे तुम्ही चित्रात बघितलेलं आहे, हात वर केलेलं उंच निवडुंगाचं झाड. ते फक्त या सोनोराच्या वाळवंटात उगवतं. पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात, कोरड्या जागी त्याहून जास्त, आणि दीडशे-दोनशे वर्षं जगतं. म्हणजे पाच-सहा हात असलेलं झाड दिसलं तर ते पणजोबांच्या जन्माच्या आधीचं. अंगावर उभ्या घड्या असतात, पाऊस झाला की पाणी पिऊन त्या फुगतात आणि दुष्काळात परत मिटतात. लहानपणी ते एकटं वाढू शकत नाही, मेस्कीट किंवा पालो वेर्दे नावाच्या झाडाच्या सावलीत वाढतं, त्याच्या आडोशाने ऊन आणि गारठा सोसतं. मी त्या झाडांमधून सायकल चालवली तेव्हा पहिले दोन दिवस सारखी थांबतच होते. तिथे चोया नावाचा एक काटेरी प्रकार आहे त्याच्यापासून मात्र लांब राहायचं, नुसता धक्का लागला तरी अख्खा गोळा अंगाला चिकटतो, बोटांनी काढायला गेलं तर बोटांना चिकटतो. सगळे खिशात कंगवा ठेवतात, त्याने उडवायचा.

तुम्ही ट्रेलवर यायचं नाहीये, घाबरू नका. बाबा, टूसॉनमधे द लूप म्हणून सायकलचा रस्ता आहे, कोरड्या नद्यांच्या काठाने गावाला वळसा घालणारा, २०० किलोमीटरहून लांब, सगळा गुळगुळीत डांबरी आणि एकही गाडी नाही. तुम्ही तीस वर्षं रोज शाळेत सायकलवर गेलात, तुम्हाला भाड्याने चांगली सायकल घेऊ आणि सकाळच्या उन्हात जमेल तेवढं जाऊ, पाच किलोमीटर तर पाच. तुम्ही नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंचं कात्रण मला पाठवलं होतं ना, २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली त्यांनी, ती रेस याच ॲरिझोनातून जाते, पण जूनमधे, चाळीसच्या वर तापलेलं असताना. तुम्ही दरवेळी जूनमधे येता आणि म्हणूनच मी तुम्हाला तिकडे कधी नेऊ शकले नाही.

आई, तुझ्यासाठी सवारो नॅशनल पार्क. पूर्वेकडच्या भागात झाडांमधून १३ किलोमीटरचा डांबरी वळसा आहे, गाडीतून फिरायचं, पाहिजे तिथे उतरायचं, बाकं आहेत, संडास आहेत. गुडघ्याला काही त्रास नाही. तुम्ही दोघं बाकावर बसाल तेवढ्यात मी मधल्या ट्रेलवर एक चक्कर मारून येईन, तिथे सायकल चालवायला परवानगी आहे. संध्याकाळी सूर्य मावळताना झाडांच्या काट्यांच्या कडा पिवळ्या पेटतात ते बघायचं आणि परत. एक दिवस माउंट लेमनवर, पायथ्याला निवडुंग आणि तासाभरात साधारण २५०० मीटरवर पाइनची झाडं आणि बर्फ. तुला बर्फ हातात घ्यायचा होता ना, खाली येऊन परत उन्हात बसता येईल. आणि पाऊस नीट झाला असेल तर महिन्याच्या शेवटी पिवळ्या अफूच्या जातीची रानफुलं अख्ख्या उतारावर येतात.

साप, तू विचारणारच. थंडीत ते बिळात असतात, अगदी गरम दिवस असेल तर एखादा बाहेर येतो, पण उन्हाळ्याच्या मानाने काहीच नाही, विंचवांचं पण तसंच. रात्री कोल्हेकुई ऐकू येईल, कायोटी असतात ते, माणसाच्या जवळ येत नाहीत. रानडुकरासारखे हावेलीना येतात खाण्याच्या वासाने, म्हणून खाणं गाडीत बंद.

झोपायचं कुठे, तर तुम्ही दोघं गावातल्या साध्या हॉटेलात, माझं बुकिंग. पण एक रात्र, फक्त एकच, कॅटलिना स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडवर माझ्याबरोबर रहा. तिथे गरम पाण्याचे शॉवर आहेत, लाईट आहे, तंबूत विजेचं ब्लँकेट लावता येतं. गारठलात तर हॉटेल वीस-पंचवीस मिनिटांवर, रात्री बाराला सुद्धा सोडेन. बाबा, त्या रात्रीसाठी एक आमिष. सॉल्ट लेकहून अगस्तीचा तारा कधीच दिसत नाही, आम्ही फार उत्तरेला आहोत. टूसॉनहून दिसतो, दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम पाच अंश, फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास. गेल्या वर्षी मी मोकळ्या जागी उभी राहून शोधला. साताऱ्याच्या गच्चीवरून केवढा वर दिसतो. मला इथे आल्यापासून तो पहिल्यांदाच दिसला होता आणि मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही.

ज्वारीचं माहिती आहे मला, फेब्रुवारीत काढणी. काकांशी मी परवाच बोलले, ते म्हणाले गेल्या वर्षी त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी बाबांनी त्यांचं रान बघितलं, यंदा ते आपलं बघतील, मळणीपर्यंत तुम्ही परत येताच. व्हिसा दोघांचाही चालू आहे. पैशाचा विषय काढायचा नाही.

८ फेब्रुवारीची मुंबईहून तिकिटं मी बघून ठेवलीयेत, बुधवारपर्यंत होल्डवर आहेत. हो असेल तर बाबांनी मंगळवारी रात्री मेसेज करावा. येताना आईचा जाड स्वेटर, दोघांच्या बंद चपला, बाबांची ती खाकी टोपी, आणि भाजणी दोन किलो, ग्रुपमधल्या बाई विचारतायत की कधी येणार तुझी आई. डिंकाचे लाडू शक्य झालं तर. आणि बाबांनी रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने थोडी सायकल चालवायला लागावं, आजपासूनच, सीट जरा उंच करून घ्या, गुडघा पूर्ण वाकायला नको.

दादा-वहिनीला आणि पिल्लूला खूप प्रेम. पिल्लूला सांगा सवारोचं खरं चित्र पाठवतेय, वेगळ्या पाकिटात आहे.

तुमची,
माऊ